सुईकडे बघायचं नाही

लोणी,
२६ डिसेंबर २०२१

केशर आत्या,

नमस्कार. वाकूनच केला आहे, फक्त लांबून.

फोन तू उचलत नाहीस. आईच्या नंबरवरून केला तरी नाही, माझ्या शाळेच्या मोबाइलवरून केला तरी नाही. रुपेशदादाला केला तर तो म्हणतो, "आई मासवड्या थापतीय." राखीपासून आजपर्यंत तू मासवड्याच थापते आहेस. एवढ्या मासवड्या जुन्नरमध्ये खातं तरी कोण? म्हणून पत्र लिहिते. हातात आलेला कागद न वाचता टाकणं तुला जमत नाही. वाणसामानाच्या पुडीचा कागदसुद्धा तू उलगडून वाचतेस, मी बघितलंय.

राखीच्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नाही. खिडकीतून मी सगळं बघितलं, एवढंच. तू फाटकाच्या बाहेर, नाना आत, आणि मधल्या खांबावर ती सॅनिटायझरची बाटली. नानांनी विचारलं, "आक्का, लस घेतली का?" तू म्हणालीस, "न्हाई." ते म्हणाले, "मग आत न्हाई येता यायचं." तू पिशवी खाली ठेवली नाहीस. तशीच वळून एसटीच्या थांब्याकडे चालायला लागलीस. दिवाळीला आई दिवसभर भाऊबीजेचं ताट लावून बसली होती. तू आली नाहीस.

चुकलं कुणाचं ते तुम्ही बहीणभाऊ बघा. मला एवढंच कळतं, की माझ्या रक्तात कॅन्सर निघाला नसता तर त्या फाटकाला कडीसुद्धा लागली नसती. आणि तो निघाला यात तुझा काही हात नाही, नानांचाही नाही.

आता बातमी. काल रात्री टीव्हीवर सांगितलं, तीन जानेवारीपासून पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांना कोरोनाची लस मिळणार. मला ऑक्टोबरात पंधरा पूर्ण झाली. मी ताटावरून उठून आईला मिठी मारली, तिच्या हाताला पीठ होतं ते माझ्या केसांना लागलं. हो, केस आलेत. कुरळे आलेत. आपल्या घरात कुणाचेच कुरळे नाहीत, आई म्हणते औषधांनी आकडे पाडलेत.

दहावीची परीक्षा या वर्षी शाळेत बसून होणार म्हणतात. आत्या, मी नववी आणि दहावी या खिडकीतून शिकले. सरांचा आवाज मोबाइलमधून, बाकीची पोरं चौकोनात. मला वर्गात बसून पेपर लिहायचा आहे. लस झाली तर डॉक्टर मॅडम जाऊ देतील असं माझं मन सांगतं.

आणि नाना? दूध घालायला येणाऱ्यालासुद्धा फाटकातूनच "लस?" म्हणून विचारणारे नाना. मला वाटलं, उड्याच मारतील. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि म्हणाले, "बघू."

तुझी,
हर्षाली

*

लोणी,
२ जानेवारी २०२२

आत्या,

पहिल्या पत्राला उत्तर नाही. म्हणजे वाचलंस. वाचलं नसतंस तर रुपेशदादाकडून परत पाठवलं असतंस.

परवा पुण्याला तपासणीला गेलो होतो. आता सलाईन, ॲडमिट होणं हे फारसं नसतं, घरी रोजच्या गोळ्या असतात आणि मधूनमधून रक्त तपासायचं. अजून वर्षभर तरी चालेल. मी डॉक्टर मॅडमना दारातूनच विचारलं, "मॅडम, मी लस घेऊ का?" त्या हसल्या. म्हणाल्या, "तुझ्या पांढऱ्या पेशी सध्या चांगल्या आहेत. हीच वेळ बरी. घे."

नाना म्हणाले, "मॅडम, हिच्या अंगात एवढी औषधं. त्यात हे आणि कशाला?"

"औषधं आहेत म्हणूनच. हिला कोरोना झाला तर इतर मुलांपेक्षा जड जाईल."

"मग लस घेतली की काही होणार नाही ना?"

"तसं मी सांगणार नाही. हिची ताकद कमी आहे, लस सगळ्यांना लागू पडते तेवढी हिला पडेलच असं नाही. म्हणून मास्क राहणार. आणि म्हणूनच हिच्या घरातल्या, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांनी घेतलेली पाहिजे."

नाना चाकणपर्यंत मान हलवत होते. मंचर आलं तोवर परत "बघू"वर आले होते. त्यात संध्याकाळी शेजारच्या साळुबाई कुंपणाशी आल्या. "पोर आत्ता कुठं उभी राहिलीय, तिला कशाला टोचायचं? माझा भाचा लस घेतल्यावर तीन दिवस अंथरुणातून उठला न्हाई." आई म्हणाली, "तुमचा भाचा तसाही उठत नाही." साळुबाई रागावून गेल्या, पण जाताना नानांच्या डोक्यात किडा सोडून गेल्या.

आत्या, मोठ्या बहिणीचं ते ऐकतात. त्यांना एक ओळ लिही.

आता दुसरं. "येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांनी" असं मॅडम म्हणाल्या, त्यात तू येतेस. नानांना वाटतं, तू मोबाइलवरच्या अफवा ऐकून लस घेत नाहीस. मी त्यांना खरं सांगितलेलं नाही. पण मला माहीत आहे. मी पहिल्यांदा ॲडमिट झाले तेव्हा तू रक्त द्यायला आली होतीस. "माझं घ्या, लागंल तेवढं घ्या," म्हणत आत गेलीस, सिस्टरनी सुई हातात घेतली आणि तू खुर्चीवरून खाली. मग तुलाच एका कॉटवर झोपवलं. शुद्धीवर आल्यावर तू सगळ्यांना सांगितलंस, ऊन लागलं. ऑगस्टमध्ये, धो धो पावसात.

लाजू नकोस. मला टोचण्याचा जेवढा अनुभव आहे तेवढा आपल्या सगळ्या भावकीत मिळून नसेल. तर नीट वाच. सुईकडे बघायचं नाही, ट्रेकडेही नाही. दंड ढिला सोडायचा. घट्ट धरलास तर जास्त दुखतं. पायाची बोटं हलवत राहायची. आणि सिस्टर "झालं" म्हणेपर्यंत कुणाशी तरी भांडायचं. हे शेवटचं तुला शिकवायची गरज नाही.

हर्षाली

*

जुन्नर,
८ जानेवारी २०२२

हर्षाली बाळा,

दोन्ही पत्रं मिळाली. पोस्टमन म्हणला, आजकाल पत्र कोण लिवतं. मी म्हणलं, माझी भाची लिवती, शिकल्याली हाय.

ऊन लागलं व्हतं. पावसाळ्यातबी ऊन लागतं.

न्हाई, खोटं कशाला लिवू. मला सुईची लई भीती वाटती. रुपेशच्या येळी बाळंतपणात मी दवाखान्याच्या खिडकीतून पळाया निघाले व्हते. रुपेशच्या बापानं मरेस्तवर ते कुणाला सांगितलं न्हाई. आता तू सांगू नको.

मी रागावले न्हाई असं समजू नको. लई रागावले. पण फाटक लावलं म्हणून न्हाई. तू खिडकीत उभी व्हतीस, डोक्यावर नुसती लव, आन मला बघून हात हालवत व्हतीस. मी टोचून घेतलं असतं तर आत येऊन तुला जवळ घेतलं असतं. हे मला एसटीत बसल्यावर कळलं. मग राग काढायचा कुणावर? नानावर काढला.

त्याचं ऐकू नको आन त्याला बोलूबी नको. तुझा बाप भ्याला की "बघू" म्हणतो. लग्नाच्या येळीबी तुझ्या आईला बघून आल्यावर "बघू" म्हणला व्हता. पंधरा दिवस आमी सगळे बघत बसलो. मग मीच सुपारी फोडाया लावली.

त्याला सांग, आक्का टोचून घ्यायला मंचरला येती. पोरीच्या आधी. त्याच्या डोळ्यांदेखत. मी पडले तर धरायला त्यानं उभं ऱ्हायचं. दिवस तू कळव. एसटीचा संप हाय, पण रुपेश मोटारसायकलवर आणील.

तुझी,
केशर आत्या

ता. क. मासवड्या लई लोक खातात. थंडीत लई मागणी असती.

*

लोणी,
१३ जानेवारी २०२२

आत्या,

तुझं पत्र पोस्टमनने नानांच्या हातात दिलं.

मी अंगणात उन्हाला बसले होते. ते लिफाफा घेऊन आले, फोडलेला नव्हता. तुझं अक्षर बघत उभे राहिले. म्हणाले, "आक्काचा 'ल' अजून तसाच हाय. उलटा." मग माझ्याकडे दिला आणि गेले नाहीत. मी वाचत असताना कुंपणाच्या तारेला काहीतरी झाल्यासारखं करत तिथेच राहिले.

"काय लिवलंय?" शेवटी विचारलंच.

मी त्यांना शेवटचा भाग वाचून दाखवला. सुईचा नाही, विश्वास ठेव. पण लग्नाचा दाखवला. आई आतून ऐकत होती, ती बाहेर आली आणि म्हणाली, "पंधरा दिवस? मला सांगितलं होतं पाहुणे गावाला गेलेत म्हणून." नाना तार सोडून विहिरीकडे निघून गेले.

परत आले तेव्हा माझ्याजवळ बाजेवर बसले. आता ते जे बोलले ते तसंच लिहिते, कारण ते तुला सांगायला त्यांना जमणार नाही.

ते म्हणाले, "हर्षे, पुण्याला जे जे केलं त्यात माझी मर्जी कुणी विचारली न्हाई. डॉक्टर म्हणायचे, सही करा, न्हाईतर पोर जाईल. मी करायचो. तवा तू आजारी व्हतीस. आता तू बरी दिसतीस. सकाळी जेवतीस, आईसंगं भांडतीस. अशा पोरीला मी माझ्या हातानं न्यायचं आन टोच म्हणायचं. आन त्याच्यानं काय झालं तर? तवा दुसरा कुणी जबाबदार न्हाई, मी हाय."

 मग मी म्हणाले, "नाना, मी बरी दिसते ती या घरात. मला बाहेरही बरं दिसायचं आहे."

त्यांनी माझ्या कुरळ्या केसांकडे बघितलं. मग फोन काढून म्हणाले, "ते नोंदणीचं कसं करतात ते दाव."

बुधवार मिळाला आहे, एकोणीस तारीख. मंचरचा सरकारी दवाखाना. सध्या कोरोना परत वाढलाय, म्हणून नानांनी तिथल्या अश्विनी सिस्टरना आधीच जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, गर्दीत बसवू नका, मागच्या बाजूला झाडाखाली थांबा, मी तिकडे येऊन देते. तूही मागच्याच बाजूला ये. मास्क दोन लाव. आणि सकाळी नीट जेवून ये, उपाशीपोटी आलीस तर खरंच ऊन लागेल.

हर्षाली

*

लोणी,
२४ जानेवारी २०२२

आत्या,

तू काल जुन्नरला परत गेलीस आणि आज मी पत्र लिहितेय. आई हसली. पण बुधवारचा निम्मा भाग तुला माहीतच नाही. एकदा तुझे डोळे मिटलेले होते, दुसऱ्यांदा तापात होतीस. म्हणून लिहून ठेवते.

रुपेशदादाने गाडी लावली आणि तू उतरलीस तेव्हा नाना चिंचेखाली खुर्ची पुसत होते. तीच एक खुर्ची त्यांनी आधीही पुसली होती. तू म्हणालीस, "नाना, हडकला का रं?" ते म्हणाले, "तू बरी हायेस ना, आक्का." एवढंच. मधे दोन माणसं उभी राहतील एवढं अंतर होतं, आणि तुम्ही दोघंही माझ्याकडेच बघत होतात.

अश्विनी सिस्टर दोन ट्रे घेऊन आल्या. मुलांची लस वेगळी, मोठ्यांची वेगळी. "पहिलं कोण?" म्हणाल्या. तू खुर्चीत बसलीस. पदर सारलास. तुझा चेहरा बेसनासारखा झाला होता आणि डोळे तू तिथेच मिटलेस.

आता तू न बघितलेलं. मी सांगितलेलं तू काहीच केलं नाहीस. दंड दगडासारखा धरलास, बोटंबिटं हलवली नाहीस. सिस्टर म्हणाल्या, "मावशी, सैल सोडा." तू म्हणालीस, "सैलच हाय." नाना तुझ्या मागे येऊन उभे राहिले आणि तुझे दोन्ही खांदे धरले. अंतरबिंतर सगळं विसरून. तुला वाटलं असेल रुपेशदादा आहे, कारण तू म्हणालीस, "रुपेश, तुझ्या मामाला सांग, मी पडले न्हाई."

नाना म्हणाले, "आक्का, त्या दिवशी फाटकात तुला पाणी तरी द्यायला पाहिजे व्हतं."

तुझे डोळे मिटलेलेच. तू म्हणालीस, "दिलं असतंस तरी मी पिले नसते."

"म्हाईत हाय. तरी द्यायला पाहिजे व्हतं."

"तांब्या तरी कुठं व्हता तुझ्याकडं? बाटली घिऊन उभा व्हतास हात धुवायची. ती पाजणार व्हतास का?"

सिस्टर म्हणाल्या, "झालं."

तू डोळे उघडून म्हणालीस, "कधी?" आत्या, भांडणाचा उपाय लागू पडला. मी तुला सांगितलं होतं.

मग मी बसले. मला सुईचं काही वाटत नाही, पण त्या दिवशीची सुई वेगळी होती. पुण्याला प्रत्येक सुई माझ्यातलं काहीतरी घालवायला आलेली असायची, ही पहिलीच काहीतरी कमवायला येत होती. नानांनी तोंड फिरवलं होतं, ते दवाखान्याच्या भिंतीवरची पाटी वाचत होते. तू माझा दुसरा हात धरलास. तुझा हात गार पडला होता, पण तू सोडला नाहीस. मी सुईकडे बघत राहिले. एकदा तरी बघावंसं वाटलं.

पुढचं तुला माहीत आहे. तुला तिथेच कणकण आली आणि रुपेशदादाच्या मागे बसवेना, म्हणून नाना तुला लोणीला घेऊन आले. पण एक लस घेऊन लगेच घरात घेता येत नाही म्हणून तुझी बाज कांद्याच्या चाळीशेजारी पडवीत टाकली. तू त्यालाही नावं ठेवलीस, "कांद्याबरोबर मलाबी साठवा." नंतर तू झोपलीस.

तू झोपल्यावर नानांनी काय केलं ते ऐक. माझं अंग नुसतं कोमट होतं, दंड दुखत होता. मॅडमनी सांगितलं होतं ताप चढला तरच फोन करा. नानांकडे एकच थर्मामीटर. ते माझ्याकडे यायचे, बघायचे, धुवायचे, तुझ्याकडे जायचे, बघायचे, धुवायचे, परत माझ्याकडे. संध्याकाळपर्यंत पडवी आणि माझी खोली यांच्यामधली वाट त्यांनी तुडवून काढली. साळुबाई कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "काय झालं वो?" नाना म्हणाले, "काय न्हाई. दोघींनी लस घेतली. तुमी कधी घेताय?"

तू त्या पडवीतून रोज खिडकीशी येऊन उभी राहायचीस, मी आत, तू बाहेर, आणि मधे जाळी. तू सांगितलेल्या गोष्टींनी आई एवढी हसली, की तिचं पोट दुखायला लागलं. नानांच्या लहानपणच्या त्या शेळीच्या गोष्टीनंतर ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. परत ये. दुसऱ्या डोसनंतर आत ये.

हर्षाली

*

लोणी,
१५ मार्च २०२२

आत्या,

आज मराठीचा पेपर झाला. पहिला. घरी आल्या आल्या आधी तुलाच लिहायला बसले, हात अजून शाईचे आहेत.

दुसरा डोस झाल्यावर मॅडमनी रक्त तपासलं आणि म्हणाल्या, "जा. मास्क काढायचा नाही, खिडकीजवळ बसायचं, डबा घरचा." शाळेनेही मला खिडकीशेजारचाच बाक दिला. नानांनी सकाळी गाडी पुसली, मला मागे बसवलं आणि एवढ्या हळू चालवली की सायकलवरची पोरं पुढे गेली. शाळेच्या फाटकाशी थांबले. मी म्हणाले, "नाना, आता तुम्ही बाहेर." ते म्हणाले, "व्हय." आणि पेपर सुटेपर्यंत तिथेच उभे होते. चहालासुद्धा गेले नाहीत, असं शिपाईकाका म्हणाले.

वर्गात पाऊल टाकलं तर वासच वेगळा. खडू, नवीन कंपासपेट्या, कुणीतरी डोक्याला लावलेलं तेल. पोरं मला ओळखेनात. कुरळ्या केसांमुळे आणि मास्कमुळे. मोबाइलमधल्या चौकोनात बघितलेली पोरं केवढी उंच झालीत. एकाला तर मिशा फुटल्यात. मी बाकावर हात ठेवला. लाकडावर कुणीतरी करकटकाने नाव कोरलेलं होतं. मी त्यावरून बोट फिरवत बसले, सरांनी उत्तरपत्रिका दिली तरी कळलं नाही.

पेपर चांगला गेला. पत्रलेखनाचा प्रश्न होता, त्यात मी थांबलेच नाही. एवढा सराव राज्यात कुणाचा असेल?

पण मला तुला दुसरंच सांगायचं आहे. पेपर अर्धा झाला होता. सर पाठमोरे होते. पुढच्या बाकावरची मुलगी, नाव मला माहीत नाही, नवीन आहे बहुतेक, ती हळूच मागे वळली. तिला मी कोण, मला काय झालं होतं, काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "ए, खोडरबर आहे का तुझ्याकडे?"

आत्या, आजारी पडल्यापासून सगळ्यांनी मला दिलंच आहे. रक्त दिलं, फळं दिली, टोप्या दिल्या, आशीर्वाद दिले. शाळेने नोट्स पाठवल्या. तू तर स्वतःचा दंड दिलास. पण माझ्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं. माझ्याकडे काही असेल असंच कुणाला वाटत नव्हतं.

आईने माझ्या पेटीत नवीन खोडरबर घातलं होतं. मी ते मधोमध तोडलं आणि अर्धं तिच्या हातावर ठेवलं. ती म्हणाली, "थँक्यू," आणि वळून लिहायला लागली.

मीही लिहायला लागले.

तुझी,
हर्षाली